नवा लॅपटॉप आणि जुने गिऱ्हाईक

२७ ऑक्टोबर २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे ॲपल कंपनीने मुख्यालयातल्या छोट्या सभागृहात नवा ‘मॅकबुक प्रो’ जाहीर केला. कंपनीचा पहिला लॅपटॉप बाजारात येऊन त्याच आठवड्यात पंचवीस वर्षे होत आहेत, अशी आठवण टिम कुक यांनी करून दिली. मग फिल शिलर मंचावर आले आणि त्यांनी कीबोर्डची सगळ्यात वरची ओळ दाखवली. तिथे बटणेच नव्हती. एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह आणि डाव्या कोपऱ्यातले एस्केप, अशी सगळी बटणे काढून त्या जागी काचेची एक लांब, अरुंद, उजळणारी पट्टी बसवली होती. तिला त्यांनी ‘टच बार’ असे नाव दिले. टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवणारे सभागृहात होते. वर्षानुवर्षे याच यंत्रावर पोट भरणारे प्रोग्रॅमर, छायाचित्रकार, चित्रपटांचे संकलक, लेखक आपापल्या घरी बसून ही घोषणा पाहत होते, आणि ते टाळ्या वाजवण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्या रात्रीपासून जी तक्रार सुरू झाली ती पुढे पाच वर्षे चालली. तिचा शेवट कसा झाला हे आता आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ती नीट सांगता येते.

मी भाषेचा शिक्षक. पण इतिहासाचे सर रजेवर असले की तो तास बऱ्याचदा माझ्या गळ्यात पडतो. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की एखादा मुलगा हमखास विचारतो, “सर, त्या विणकरांनी यंत्रे फोडली, म्हणजे ते अडाणी होते का?” १८११-१२ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्यांनी यंत्रे फोडली हे खरे. पण ती माणसे स्वतः दोनशे वर्षांपासून चालत आलेल्या विणकाम यंत्रावरच काम करत होती. रुंद यंत्रावर कापड विणून, ते कापून, शिवून हलक्या प्रतीचे मोजे खपवले जात होते आणि त्यामुळे मजुरी व मालाची पत दोन्ही घसरत होती, हे त्यांच्या तक्रारीतले एक मोठे कारण होते. यंत्र नको आणि हे असले यंत्र नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हा फरक लगेच कळतो. मोठ्यांना उशीर लागतो.

घोषणेचे जुने दुखणे

लॅपटॉपच्या इतिहासात घोषणा हा प्रकार सुरुवातीपासूनच जोखमीचा. १९८१ साली ॲडम ऑस्बोर्न यांनी ‘ऑस्बोर्न-वन’ नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर आणि सोबत लेखन व हिशोबाची सॉफ्टवेअर. त्याला लॅपटॉप म्हणणे धाडसाचे ठरेल, मांडीवर घेतला तर मांडी बधिर व्हायची; पण शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो हातात धरून नेता येत असे आणि लोकांनी तो भराभर घेतला. १९८३ मध्ये कंपनीने पुढच्या, जास्त चांगल्या यंत्रांची चर्चा आधीच सुरू केली. गिऱ्हाइकाने साधा हिशोब केला की, नवे येणार असेल तर जुने कशाला घ्यायचे? दुकानदारांच्या मागण्या आटल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. प्रतिस्पर्ध्यांचे स्वस्त यंत्रही त्याला कारण होते, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि ते बरोबर असावेत. तरी वेळेआधीच्या घोषणेने स्वतःचा चालू धंदा बुडवणे याला आजही ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात. जाता जाता सांगतो, या ऑस्बोर्नचे बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलै येथे गेले. त्यांचे वडील रमण महर्षींचे अनुयायी होते. ऑस्बोर्न अखेरच्या काळात भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडैकनाल येथे वारले.

ॲपलचा स्वतःचा पहिला अनुभवही काही सुखाचा नव्हता. १९८९ चा ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ सात किलोंच्या आसपास वजनाचा होता. आत शिशाची बॅटरी, म्हणजे गाडीत असते त्या जातीची. गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरवली. कंपनीने दोन वर्षांत धडा घेतला आणि १९९१ मध्ये ‘पॉवरबुक’ आणला. त्यात कीबोर्ड पडद्याच्या बाजूला मागे सरकवून पुढे मनगट टेकवायला जागा ठेवली होती. तोवर बहुतेक यंत्रांत कीबोर्ड अगदी पुढच्या कडेला असे आणि मनगटे हवेत लोंबत. आज आपण कोणताही लॅपटॉप उघडतो तेव्हा हात जिथे टेकतो ती जागा त्या पॉवरबुकची देणगी आहे.

तक्रार ऐकून लगेच सुधारणा केल्याचेही एक उदाहरण याच कंपनीचे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने ॲल्युमिनियमचा नवा मॅकबुक आणला, त्यातून ‘फायरवायर’ची खाच काढून टाकली. त्या काळचे कॅसेटवाले व्हिडिओ कॅमेरे संगणकाला जोडायला हीच खाच लागायची. ज्यांच्या घरी असा कॅमेरा होता त्यांनी ओरड केली. जून २००९ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, तेच यंत्र ‘मॅकबुक प्रो’ या नावाने परत आले आणि त्यात फायरवायर होते. आठ महिने हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तुलनेला लागेल.

काचेच्या पट्टीचा पहिला प्रयोग

२०१६ ची टच बार ही काही त्या जातीची पहिली पट्टी नव्हती, हे फार कमी लोकांना आठवते. आधी लेनोवोने ते करून पाहिले होते.

थिंकपॅड हे मूळ आयबीएमचे अपत्य. १९९२ साली काळ्या, चौकोनी, जेवणाच्या जपानी डब्यावरून सुचलेल्या रूपात ते आले. मधोमध लाल टिकली, जिने बाण हलवायचा. कार्यालये, बँका, अभियंते यांच्यात या यंत्राचा एक निष्ठावान वर्ग तयार झाला. २००५ मध्ये आयबीएमचा हा धंदा चीनच्या लेनोवोने विकत घेतला. जानेवारी २०१४ मध्ये लेनोवोने ‘एक्स-वन कार्बन’ची नवी आवृत्ती जाहीर केली, तिच्यात वरची फंक्शन बटणांची ओळ काढून स्पर्शावर चालणारी, चित्र बदलणारी पट्टी बसवली होती. एवढ्यावर न थांबता कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड ही बटणे आणून ठेवली. लाल टिकलीखालची खरी बटणेही गेली, त्यांची जागा एका सपाट पृष्ठाने घेतली.

दहा-पंधरा वर्षे न पाहता टाइप करणाऱ्या माणसाच्या बोटांना हे कसे वाटले असेल? घरातली माणसे बाहेरगावी गेली असताना कुणीतरी येऊन स्वयंपाकघरातल्या मिठाच्या आणि साखरेच्या बरण्यांची अदलाबदल करून जावे, तसे. जुन्या गिऱ्हाइकांनी कडाडून विरोध केला. जानेवारी २०१५ मध्ये पुढची आवृत्ती आली तेव्हा फंक्शन बटणे परत आली होती, कॅप्स लॉक आपल्या जागी होते आणि टिकलीखालची बटणेही. एका वर्षात माघार.

लेनोवोने त्याहून पुढची एक गोष्ट केली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वात सभ्य वाटते. थिंकपॅडच्या रचनेचे प्रमुख डेव्हिड हिल यांनी २०१५ मध्ये गिऱ्हाइकांनाच विचारले, जुन्या थिंकपॅडसारखा एक नवा बनवला तर त्यात काय काय असावे? एकामागून एक प्रश्नावल्या काढल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीला ‘थिंकपॅड २५’ नावाची मर्यादित आवृत्ती निघाली. सात ओळींचा जुना कीबोर्ड, निळे एंटर बटण, तीन रंगांतले नाव. धंद्याच्या हिशोबात तो किरकोळ प्रकार असेल. पण आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारून काहीतरी बनवणे ही आजकाल दुर्मीळ गोष्ट.

लेनोवोच्या माघारीनंतर पावणेदोन वर्षांनी ॲपल तशीच पट्टी घेऊन मंचावर आले.

तक्रारी कशाच्या होत्या

पहिली तक्रार एस्केपची. ज्याचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्याला ती हास्यास्पद वाटेल. एका बटणासाठी एवढा गहजब? पण ‘व्हीआय’ नावाचा लेखन-कार्यक्रम १९७६ पासून आहे, बिल जॉय यांनी तो लिहिला, आणि त्याचा वंशज ‘व्हिम’ आजही जगभर वापरला जातो. त्यात अक्षरे लिहिणे आणि आज्ञा देणे या दोन वेगळ्या अवस्था असतात. एकीतून दुसरीत जायला एस्केप दाबायचे. दिवसातून शेकडो वेळा. जॉय ज्या ‘एडीएम-थ्री-ए’ यंत्रावर काम करत होते त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात होते, म्हणून त्यांनी ते निवडले. पुढे कीबोर्ड बदलले, एस्केप कोपऱ्यात गेले, लोकांची करंगळी तिथवर ताणायला शिकली. आता कोपऱ्यात बटणच उरले नाही, काचेवर ‘एस्केप’ असा शब्द उमटत होता. काच दाबली गेली की नाही ते बोटाला कळत नाही, डोळ्याने पाहावे लागते. ज्याचे कामच न पाहता चालते त्याला हे रोजचे ठेचकाळणे होते. कंपनीने त्यावर एक तोड दिली की, कॅप्स लॉकला एस्केपचे काम लावून द्या.

दुसरी तक्रार खाचांची. नव्या यंत्राला बाजूंना फक्त यूएसबी-सी प्रकारच्या खाचा होत्या आणि हेडफोनची एक. साधा पेन ड्राइव्ह लागत नाही, प्रोजेक्टरची वायर लागत नाही, कॅमेऱ्यातले कार्ड घालायला जागा नाही. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे जोडकाम विकत घ्यायचे. गंमत अशी की, दीड महिन्यापूर्वी याच कंपनीने आयफोन-सेव्हनमधून हेडफोनची खाच काढून टाकली होती आणि त्याला धाडस म्हटले होते. आता त्या फोनसोबत मिळालेला हेडफोन नव्या लॅपटॉपला लागत नव्हता, आणि फोनसोबत मिळालेली वायरही लॅपटॉपमध्ये बसत नव्हती. एकाच घरातली दोन भावंडे एकमेकांशी बोलत नव्हती. चुंबकाने चिकटणारी चार्जरची पिन, जी २००६ पासून होती, तीही गेली. वायरीत कुणाचा पाय अडकला तर पिन सुटायची, यंत्र पडायचे नाही. लहान मुले असलेल्या घरात तिची किंमत काय ते सांगायला नको.

तिसरी तक्रार स्मृतीची. कमाल १६ जीबी. मोठ्या चित्रफितींवर काम करणाऱ्यांना ३२ हवी होती. शिलर यांनी एका ग्राहकाच्या पत्राला उत्तर देताना कारण सांगितले की, कमी वीज खाणारी जी स्मृती आम्ही वापरतो ती १६ च्या वर जात नाही, आणि दुसरी घातली तर बॅटरी लवकर संपेल. हे उत्तर खरे होते. पण गिऱ्हाईक म्हणत होते, मग यंत्र थोडे जाड करा की! पातळपणा आम्ही कुठे मागितला होता?

आणि किंमत. टच बारसह तेरा इंची यंत्र १,७९९ डॉलरला, पंधरा इंची २,३९९ ला. त्याआधीची पंधरा इंची आवृत्ती १,९९९ पासून मिळत असे. भारतात तर टच बार नसलेले सगळ्यात स्वस्त यंत्रच १,२९,९०० रुपयांना. घोषणेनंतर बाराव्या दिवशी आपल्याकडे नोटाबंदी झाली, तेव्हा आपल्याकडची चर्चा तिथेच संपली असावी.

आणखी एक योग कंपनीच्या नशिबी वाईट आला. आदल्याच दिवशी, २६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमध्ये ‘सरफेस स्टुडिओ’ हा मोठ्या पडद्याचा, चित्रकारांना कलता करून त्यावर रेखाटता येईल असा संगणक दाखवला होता. वर्षानुवर्षे कलावंतांची कंपनी म्हणून मिरवलेल्या ॲपलने बटणांच्या जागी पट्टी आणली आणि कारकुनांची समजली जाणारी मायक्रोसॉफ्ट चित्रकारांशी बोलू लागली, ही तुलना लोकांनी लगेच केली.

तक्रार आणि खरेदी

४ नोव्हेंबरला, म्हणजे आठवडाभरातच, ॲपलने जोडण्यांच्या किमती उतरवल्या. १९ डॉलरचे यूएसबीचे जोडकाम ९ डॉलरला मिळू लागले, सवलत वर्षअखेरपर्यंत. बटणाचा प्रश्न विचारणाऱ्याला वायरीवर सूट मिळाली.

त्याच सुमारास शिलर यांनी ब्रिटनच्या ‘इंडिपेंडंट’ला मुलाखत दिली. या टीकेचे आपल्याला थोडे आश्चर्य वाटले, असे ते म्हणाले, आणि सोबत हेही की, कंपनीच्या ऑनलाइन दुकानात आजवरच्या कुठल्याही प्रो लॅपटॉपपेक्षा याच्या मागण्या जास्त आल्या आहेत. डिसेंबरअखेर संपलेल्या तिमाहीत मॅक संगणकांचे उत्पन्न ७.२ अब्ज डॉलरवर गेले. तोवरचा तो विक्रम होता.

इथे इतिहास लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आहे. आकडे पाहिले तर गिऱ्हाईक खूश होते. तक्रारी वाचल्या तर ते चिडलेले होते. दोन्ही खरे कसे? मला वाटते, त्याचे उत्तर ‘जाणार कुठे’ या दोन शब्दांत आहे. ज्याची सगळी सॉफ्टवेअर, सगळी जुनी कामे, सगळी सवय एका कंपनीच्या यंत्रात अडकली आहे, तो नवे यंत्र शिव्या देत विकत घेतो. त्यातून दीड वर्ष नवे काही आलेच नव्हते, लोक तुंबून राहिले होते. गावात एकच रेशन दुकान असेल तर दुकानासमोरची रांग ही दुकानदाराच्या लोकप्रियतेची खूण नसते. विक्रीचा आकडा मालाला मिळालेली दाद म्हणून वाचणे सोपे, आणि कंपनीने ते सोपेच वाचन केले.

अर्थात प्रत्येक तक्रार बरोबरच होती असेही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या प्रतिष्ठित अमेरिकी संस्थेने बॅटरी कधी खूप, कधी फार कमी चालते म्हणून या यंत्राची शिफारस नाकारली. तोवर एकाही मॅकबुकच्या वाट्याला असे आले नव्हते. चौकशीत निघाले की, चाचणीसाठी ब्राउझरचे एक क्वचित वापरले जाणारे सेटिंग बदलले होते आणि त्यात एक सॉफ्टवेअरची चूक दडली होती. ती दुरुस्त झाल्यावर जानेवारीत संस्थेने आपला निर्णय बदलला, आणि तसे जाहीरही केले. अशी कबुली दोन्हीकडून आली असती तर बरे झाले असते.

अक्षर गिळणारा कीबोर्ड

घोषणेच्या दिवशी ज्याच्यावर सगळ्यात कमी बोलले गेले तेच पुढे सगळ्यात महाग पडले. यंत्र पातळ करण्यासाठी कंपनीने बटणांखालची जुनी कात्रीसारखी रचना बदलून फुलपाखराच्या पंखांसारखी रचना आणली होती. ती प्रथम २०१५ च्या बारा इंची मॅकबुकमध्ये आली. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचे. एखादा धुळीचा कण, पोळीचा कण आत गेला की बटण अडकायचे. कधी अक्षर उमटायचेच नाही, कधी दोनदा उमटायचे. कंपनीच्या सूचना-पत्रकात उपाय होता. लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात धरा आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने डावीकडून उजवीकडे नागमोडी फवारा मारा. हे मी विनोदाने लिहीत नाही.

एक बटण बिघडले तरी ते एकटे बदलता येत नसे. कीबोर्ड वरच्या धातूच्या पत्र्याला पक्का जडलेला, त्याच पत्र्याला बॅटरी चिकटवलेली. म्हणून सगळा वरचा भागच बदलायचा. हमी संपलेल्या माणसाला त्याचे बिल शेकड्यांतल्या डॉलरचे यायचे. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. २२ जून २०१८ रोजी कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, खरेदीपासून चार वर्षांपर्यंत. त्या घोषणेत बिघाड ‘थोड्या टक्के’ यंत्रांत असल्याचे म्हटले होते.

मार्च २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोआना स्टर्न यांनी आपला स्तंभ बिघडलेल्या कीबोर्डने जसा उमटवला तसाच, ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे गाळून छापला. वाचकाला अक्षरे परत आणायला कळ दाबावी लागत होती. शाळेत शिकवताना मी नेहमी म्हणतो की, तक्रार अर्ज मोजका आणि मुद्देसूद असावा. याहून मुद्देसूद अर्ज मी पाहिलेला नाही. तेव्हा कंपनीने तिला दिलेल्या निवेदनात अडचण येणाऱ्यांची क्षमा मागितली.

नस्तालीकची हट्टी मंडळी

हे सगळे वाचताना मला उर्दू छपाईची गोष्ट आठवत राहते. आमच्या उर्दू वाचकावर एक जुना आरोप आहे की, तो छापखान्याच्या खिळ्यांना नाक मुरडत बसला आणि म्हणून मागे राहिला. एकोणिसाव्या शतकात खिळे आले ते बहुतेक नस्ख वळणाचे, अरबीसारखे सरळ रेषेत बसणारे. उर्दू वाचकाच्या डोळ्याला सवय नस्तालीकची. त्यात शब्द उजवीकडून वरून खाली उतरत येतो आणि प्रत्येक अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून आपले रूप आणि उंची बदलते. सुटे खिळे एका ओळीत मांडून ते साधत नव्हते. वाचकाने खिळे नाकारले आणि दगडी छपाई, लिथो, स्वीकारली. १८५८ साली लखनौत सुरू झालेल्या नवलकिशोर छापखान्याने हजारो ग्रंथ काढले, ते मुख्यतः लिथोवर. कातिब हाताने लिहायचा, तेच छापले जायचे. मुंबईच्या उर्दू दैनिकांतही विसाव्या शतकात उशिरापर्यंत कातिबांच्या रांगा बसत.

सुधारक मंडळी वैतागत. नस्ख स्वीकारा, जग पुढे गेले! वाचक ऐकेना. शेवटी खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे हजारो जोडसमूह हाताने लिहून काढले, मोनोटाइप कंपनीने ते संगणकात बसवले आणि १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ नूरी नस्तालीकमध्ये छापून आले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ काढले आणि तेच वळण घरोघरीच्या संगणकावर आले. आज मी मुलांसाठी उर्दू प्रश्नपत्रिका बनवतो ती त्या हट्टी वाचकांच्या जोरावर. त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे ‘हे यंत्र आमच्या कामाचे नाही’ एवढेच सांगितले. चूक यंत्राची होती, आणि यंत्र सुधारल्यावर त्यांनी ते एका दशकात उचलले.

पण यात दुसरे दुःखही आहे. वाचक जिंकला आणि कातिब बुडाला. आमच्या गल्लीत एक कातिब चाचा होते. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे लग्नपत्रिका येईनाशा झाल्या, तेव्हा ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. त्यांची तक्रार कुणी कुठे नोंदवली नाही. लॅपटॉपच्या गिऱ्हाइकाकडे निदान वर्तमानपत्र होते, न्यायालय होते.

बटणे परत

१३ नोव्हेंबर २०१९ रोजी ॲपलने सोळा इंची मॅकबुक प्रो जाहीर केला. कात्रीची जुनी रचना परत आली होती, बटण पुन्हा एक मिलिमीटर खाली जात होते. टच बार होती, पण तिच्या डाव्या टोकाला, काचेपासून वेगळे, खरेखुरे एस्केप बटण होते. मे २०२० पर्यंत सगळ्या लॅपटॉपमधून फुलपाखरू उडून गेले. १८ ऑक्टोबर २०२१ च्या घोषणेत चौदा आणि सोळा इंची यंत्रे आली, त्यांत टच बार नव्हती. पूर्ण आकाराची फंक्शन बटणे होती, प्रोजेक्टरची एचडीएमआय खाच होती, कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच होती आणि चुंबकाची पिनही. यंत्र आधीपेक्षा किंचित जाड आणि जड होते. कुणी तक्रार केली नाही. मंचावरून या वस्तू नव्या सोयी असल्यासारख्या दाखवल्या गेल्या, आणि त्या आधी का गेल्या होत्या याचा उल्लेख झाला नाही.

२००८ मध्ये आठ महिने लागले होते. लेनोवोला एक वर्ष. यावेळी पाच वर्षे. मधल्या काळात कंपनी कितीतरी मोठी झाली होती, आणि मोठ्या दुकानात गल्ल्यापर्यंत आवाज पोहोचायला वेळ लागतो, एवढेच कारण मला दिसते.

कीबोर्डचा दावा २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरवर मिटला, कंपनीने दोष मान्य न करता. भरपाई अमेरिकेतल्या फक्त सात राज्यांतल्या गिऱ्हाइकांना मिळायची होती, माणशी ५० ते ३९५ डॉलर. मोफत दुरुस्तीची योजना जगभर होती, पण आपल्याकडे ज्याने सव्वा-दीड लाख मोजले त्याचे नाव त्या भरपाईच्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

टच बार असलेला शेवटचा तेरा इंची लॅपटॉप ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीतून गेला. तेव्हा काही गिऱ्हाइकांनी हळहळ व्यक्त केली. सात वर्षांत त्यांची बोटे त्या पट्टीवर बसली होती, आवाज कमी-जास्त करायला बोट सरकवण्याची सवय लागली होती, आणि आता ती कुणी विचारल्याशिवाय काढून घेतली होती. दुसरीकडे, एस्केप परत आले तरी कॅप्स लॉकला लावलेले एस्केपचे काम काढायची अनेक प्रोग्रॅमरांना आता गरज वाटत नाही. करंगळीला ती जागा जवळ पडते. एडीएम-थ्री-ए वर एस्केप जवळपास तिथेच होते.